तळे हवे, मालगुजार नको

काही माणसे मोठी चमत्कारिक असतात. त्यांना थोरला भाऊ आवडतो, धाकटा आवडतो, वहिनीच्या हातची भाकरी तर फारच आवडते. आत्याबाई राहायला आल्या की त्यांच्या गोष्टी ऐकत ही माणसे मध्यरात्र करतात. परंतु ‘एकत्र कुटुंब’ हा शब्द काढा, की कपाळाला आठी पडलीच! दुसऱ्या एका गृहस्थांना दूध आवडते, केळे आवडते, साखरेचे तर वेड. पण शिकरण वाढू लागले की ते वाटीवर हात आडवा धरतात. गावच्या वाचनालयाच्या कमिटीचे घ्या. सात सभासद, सातही सज्जन. एकेकाला गाठून चहा पाजा, प्रत्येक जण शहाण्यासारखे बोलेल. तेच सात जण सतरंजीवर एकत्र बसले, की चार पुस्तके विकत घेण्याचा ठराव तीन महिने पुढे जातो.

अशा माणसाला आपण विक्षिप्त म्हणून मोकळे होतो. आपला हिशेब सरळ असतो. पाच आणि पाच दहा होतात. मग पाच आवडी एकत्र केल्या तर त्यांची एक मोठी आवड व्हायला हवी, नावड कशी होते? ज्याला भाग आवडतात त्याला सगळे आवडलेच पाहिजे, आणि ज्याला सगळे नावडते त्याचे भागांवरचे प्रेम खोटे असले पाहिजे, असा हा न्याय आहे. तो घरातल्या सुनेला लावतात, पक्षातल्या कार्यकर्त्याला लावतात, आणि देशावर टीका करणाऱ्या देशभक्तालाही लावतात.

पण हा न्याय बरोबर आहे काय? इंग्रजीतला नामांकित उपरोधकार जोनाथन स्विफ्ट याने १७२५ साली आपला मित्र, कवी पोप, याला एका पत्रात कळविले होते की, राष्ट्रे, धंदे आणि जमाती यांचा आपल्याला तिटकारा आहे. आपले प्रेम आहे ते एकेका माणसावर. वकिलांची जात आपल्याला नको, पण अमुक एक वकील मात्र जिवाभावाचा. लोकांनी त्याला माणूसघाणा ठरविले. आम्हांला वाटते, तो अगदी नेहमीची गोष्ट बोलत होता; फक्त ती मोठ्याने बोलला, इतकेच.

स्वर तेच, राग निराळे

आपल्या संगीतात या कोड्याचे उत्तर फार सोप्या रीतीने मिळते. मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग घ्या. तिन्हींत रिषभ कोमल, तिन्हींत मध्यम तीव्र, तिन्हींत पंचम वर्ज्य. स्वरांची यादी करायला बसलात तर तिघांची यादी एकच निघेल. तरी मारवा सूर्यास्ताची हुरहूर लावतो, पूरिया गंभीर होऊन बसतो आणि सोहनी उत्तररात्री वरच्या सप्तकात चमकत राहते. भूप आणि देशकार यांचेही तसेच. सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर दोघांचे. भुपाचा जीव गंधारात, देशकाराचा धैवतात. एवढ्या फरकाने एक रात्रीचा होतो आणि दुसरा सकाळचा. एखाद्या रसिकाला भूप प्राणापलीकडे आवडतो आणि देशकार सुरू होताच तो पान जुळवायला उठतो. त्याला त्या पाच स्वरांचे वैर आहे असे कोणी म्हणेल काय?

आपल्या जुन्या पंडितांनी या प्रश्नावर शेकडो वर्षे वाद घातला आहे. नैयायिक म्हणत, अवयव वेगळे आणि अवयवी वेगळा. धाग्यांचे कापड होते खरे, पण कापड ही धाग्यांहून निराळी वस्तू आहे. बौद्ध म्हणत, छे! अवयवांपलीकडे काही नाहीच. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, की महाराज, आपण रथातून आलात. मग चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? दांडी म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो, की या सर्वांच्या मेळाला ‘रथ’ हे नाव पडले आहे, इतकेच.

वाद पंडितांचा आहे, तो त्यांनाच लखलाभ. आपल्या कामापुरते एवढे घेऊ : भाग एक गोष्ट, भागांची जोडणी ही दुसरी गोष्ट. जिला आपण ‘सगळे’ म्हणतो त्यात भाग तर असतातच, शिवाय कोण कोणाच्या वर, कोण कोणासाठी, कोणाचा शब्द शेवटचा, ही जोडणीही असते. एकत्र कुटुंबाला कंटाळलेल्या माणसाला भाऊ नको असतो असे नाही, वहिनी नको असते असेही नाही. किल्ल्या कोणाच्या कमरेला असाव्यात, ही जोडणी त्याला नको असते.

हे तत्त्व घरात आणि मैफलीत तपासून भागत नाही. पोटापाण्याच्या प्रश्नात ते टिकते का, हे पाहायला हवे. त्यासाठी आम्ही वाचकांना महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला, गोंदिया जिल्ह्यातील तिरोड्याला नेऊ इच्छितो.

तिरोड्याची तळी

नागपुराहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गोंदियाच्या अलीकडे तिरोड्याचे स्टेशन लागते. ज्या मुलखाने एक भाग म्हणून राहून अनेक ‘सगळी’ पाहिली, अशांपैकी हा एक. १८५३ पर्यंत तो नागपूरकर भोसल्यांचा. पुढे इंग्रजांचा, १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला, त्यात तो गेला. १९०८ सालचे भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर उघडले तर जिल्ह्याच्या तीन तहशिलींपैकी एक तिरोडा, इंग्रजी लेखनाप्रमाणे ‘तिरोरा’, असे आढळते. १९५० मध्ये तिरोडा मध्यप्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले आणि तिरोडा गोंदियाकडे गेले. इतक्या वेळा पाटी बदलली, पण वैनगंगा आपल्या जागी राहिली, धानाच्या बांध्या आपल्या जागी राहिल्या आणि तळीही राहिली.

आता तिरोड्याचे नाव परगावच्या माणसाला माहीत असते ते ३,३०० मेगावॅटच्या औष्णिक वीजकेंद्रामुळे. पण त्या धुरांड्यांच्या आधी कित्येक पिढ्या या मुलखाची ओळख तळ्यांनी सांगितली जाई. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात जुनी तळी सात हजारांच्या आसपास आहेत. लहानग्या तळ्याला इकडे ‘बोडी’ म्हणतात. तिरोडा तालुक्यातले बोदलकसा आणि चोरखमारा हे मोठे जलाशय विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने बांधले; पण गावोगावची तळी त्याहून पुष्कळ जुनी, आणि ती गावकऱ्यांनीच खणलेली.

ती बांधण्याची रीत पाहिली की मन प्रसन्न होते. हा मुलूख सपाट नाही, डोंगराळही नाही. हलक्या चढउताराचा आहे. पावसाचे पाणी कोणत्या वाटेने उतरते ते हेरायचे आणि जेथे दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांमध्ये ते अरुंद होते तेथे मातीची पाळ घालायची. पाळीच्या पोटात पाणी सोडण्याचे दार ठेवायचे, एका कडेला सांडवा काढायचा. वरच्या तळ्याच्या सांडव्याचे पाणी खालच्या तळ्यात, त्याचे त्याच्या खालच्यात, आणि शेवटी नाल्यातून वैनगंगेत. एकही थेंब उगीच धावत सुटत नाही. पाळीखाली उतरत गेलेल्या बांध्या. वर आंब्यामोहाची झाडे.

येथे पाऊस हजार मिलिमीटरच्या वर पडतो, मग तळ्याची गरज काय, असे कोणी विचारील. गरज धानाला असते. मृगात पऱ्हे टाकले, आषाढात रोवणी झाली. पुढे पावसाने दडी मारली की चिखल तडकतो. त्याहून नाजूक वेळ म्हणजे धान पोटरीवर येते तेव्हाची. तेव्हा परतीचा पाऊस रुसला तर वर्षाची मेहनत पळींजावर जाते. म्हणजे दाणा भरत नाही, फोल हाती येते. त्या आठ-पंधरा दिवसांत तळ्याचे दार उघडायचे, एवढ्यासाठी वर्षभर तळे सांभाळायचे. धानाखेरीज तळे मासळी देते, शिंगाडे देते, कमळाचे कांदे देते, गुरांना पाणी देते आणि विहिरींचे झरे जिवंत ठेवते. महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झालेला सारस पक्षी अजून जो काही टिकून आहे, तो मुख्यतः याच गोंदिया जिल्ह्यातल्या तळ्यांच्या आणि धानशेतांच्या आसऱ्याने.

तळी बांधण्यात दक्षिणेकडील भागात कोहळी समाजाचा हातखंडा. जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखाली भिजेल तेवढी जमीन द्यायची, असा गोंड राजांचा शिरस्ता होता असे परंपरा सांगते. नवेगावबांधचे मोठे तळे कोलू पाटील कोहळी याने बांधले, असे लोक मानतात. तिरोडा-गोंदियाकडे धानशेतीत मुरलेला पोवार समाज मोठा. पाण्यावर उपजीविका ढिवरांची. मातीची पारख, पाण्याची पारख, मासळीची पारख, असे एकेका समाजाचे ज्ञान त्या पाळीत आणि पाण्यात उतरलेले असे. यातला कोणता भाग कोणाला नावडावा?

मालक कसा उपजला

परंतु हे सारे भाग ज्या जोडणीत बसविले होते तिचे नाव मालगुजारी.

मूळ शब्दात मालकी नाही. ‘माल’ म्हणजे सारा आणि ‘गुजारणे’ म्हणजे भरणे. गावाचा सारा सरकारात भरणारा तो मालगुजार. भोसल्यांच्या काळात तो वसुलदार होता. नागपूरचे राज्य खालसा झाल्यानंतर इंग्रजांनी जमीनबंदोबस्त केले आणि वसूल करणाऱ्यालाच गावाचा मालक ठरविले. कागदावरचा एक हुद्दा बदलला आणि गावातले सगळे नाते बदलले. उत्तम जमीन ‘सीर’ आणि ‘खुदकास्त’ म्हणून मालगुजाराच्या घरची. पडीक जमीन त्याची, रान त्याचे आणि तळेही त्याचे. गावच्या चालीरीती ‘वाजिब-उल-अर्ज’ या दप्तरात लिहिलेल्या असत. सरपण, चराई, पाणी यांच्यावरचे रयतेचे ‘निस्तार’ हक्क त्यात नोंदलेले असत. पण दप्तर वाचून दाखविणारा बहुधा मालगुजाराच्याच ओसरीवर बसलेला!

शिवाय बेगार. मालगुजाराच्या शेतावर फुकट राबायचे, त्याच्या घरच्या लग्नाला गाडी-बैल पुरवायचे, साहेब दौऱ्यावर आला की ओझी वाहायची. ही प्रथा इतकी खोल रुजली होती, की भारताच्या संविधानाने २३ व्या कलमात वेठीवर बंदी घातली तेव्हा इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’ हा आपला देशी शब्दच जसाच्या तसा ठेवावा लागला.

सगळेच मालगुजार दुष्ट होते असे नव्हे. पुष्कळांनी पदरमोड करून पाळी बांधल्या, दुष्काळात कोठारे उघडली. त्या त्या माणसाची आठवण गावे अजून आदराने काढतात. येथेही तीच गंमत दिसते : अमुक मालगुजार भला माणूस होता, पण मालगुजारी नको. ही विसंगती नव्हे. चांगल्या माणसाच्या हातीही वाईट जोडणी वाईटच राहते. कारण त्याचा मुलगा चांगला निघेलच असे नसते, आणि रयतेला आपले पाणी हक्काने मिळते की मेहेरबानीने, हा प्रश्न मालक हसतमुख असला तरी सुटत नाही.

शेवटी तो कायदा झाला. मध्यप्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने मालकी हक्क नाहीसे केले आणि ३१ मार्च १९५१ रोजी ते सरकारकडे आले. गावकऱ्यांचे हक्क ज्या तळ्यांवर होते ती तळीही सरकारजमा झाली. एका रात्रीत मालगुजार ‘माजी’ झाले.

मालगुजाराचा मामा होतो

यानंतर भाषेने मोठी मौज केली. सरकारी कागदांत या तळ्यांचे नाव पडले ‘माजी मालगुजारी तलाव’. एवढे लांब नाव पुन्हा पुन्हा कोण लिहीत बसणार? कारकुनांनी ‘मा. मा. तलाव’ असे लिहायला सुरुवात केली, टिंबे हळूहळू गळाली आणि तळ्यांचे झाले ‘मामा तलाव’. आज तिरोडा-गोंदियाकडे लहान पोरही ‘मामा तलाव’ म्हणते. ज्या शब्दाने आजोबांच्या पाठीवर वळ उठविले, त्याच शब्दाच्या दोन अक्षरांतून नातवाला आईच्या माहेरचे नाते ऐकू येते. भाग ठेवून सगळे टाकून देण्याचे इतके सुरेख उदाहरण आम्हांला दुसरे आठवत नाही.

भाषेला जे साधले ते कारभाराला मात्र साधले नाही, आणि आमच्या गोष्टीचा दुखरा भाग हाच आहे.

मालगुजारी वाईट होती, पण त्या वाईट जोडणीत एक गाठ कामाची होती. पाळीला भगदाड पडले तर त्याचा जाब कोणाला विचारायचा, हे गावाला ठाऊक होते. तळ्याखालची सर्वांत चांगली जमीन मालगुजाराची. तळे फुटले तर पहिले नुकसान त्याचेच. म्हणून वैशाखात पाणी आटले की पाळीवर माती पडे, गाळ निघे, दार दुरुस्त होई. ही गाठ वेठीच्या दोरीची होती, हे खरे. ती तोडणे न्यायाचेच होते. परंतु तुटलेल्या दोरीच्या जागी नवी दोरी वळायला कोणी बसले नाही. तळी आधी सरकारच्या दप्तरात गेली. पुढे १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या तेव्हा बहुतेक त्यांच्याकडे आली. पाणी निस्तार हक्काने फुकट मिळायचे की त्यावर पट्टी भरायची, याचा वाद उभा राहिला. सरकार म्हणे, पट्टी भरत नाही तर दुरुस्ती कशातून करू? शेतकरी म्हणे, तळे माझ्या आजाने खणले, पट्टी कसली? मधल्या मध्ये गाळ साचत गेला. पाळीवर ‘बेशरम’ नावाची झुडपे माजली. नाव अगदी शोभणारे. कोठेही उगवतात आणि हटता हटत नाहीत. कडेच्या बुडीत जमिनीवर अतिक्रमणे झाली.

आज एखाद्या मामा तलावाच्या काठी उभे राहून पाहावे. शेतकऱ्याला त्यातले पाणी आवडते. ते पोटरीच्या वेळी आपल्या बांधीत यावे असे त्याला वाटते. ढिवरांच्या सहकारी संस्थेला मासळी आवडते. पाणी तळ्यातच राहावे असे तिला वाटते. कडेच्या माणसाला पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी काळी जमीन आवडते. पाणी लवकर ओसरावे असे त्याला वाटते. पक्षिमित्राला सारस आवडतो; कोणी काठाकडे फिरकूच नये असे त्याला वाटते. दप्तराला हेक्टरचे आकडे आवडतात. यातल्या एकाचेही प्रेम खोटे नाही. पण पूर्वी भाग आवडते होते आणि सगळे नावडते होते. आता भाग प्रत्येकाचा आवडता आहे आणि सगळे कोणाचेच नाही. नावडत्या मालकाहूनही हे पोरकेपण तळ्याला महाग पडले आहे.

महाडचे पाणी

येथे एक माणूस आपल्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, “म्हणजे आम्ही सांगत होतो तेच खरे. जुने तेच बरे होते. गावगाडा मोडला आणि तळी गेली.” हा मोह फार गोड आहे. दिवाळी अंकांतून तो दरवर्षी नवे कपडे घालून येतो. तळ्याचे प्रेम दाखविता दाखविता तो आपल्या गळ्यात मालगुजारी अडकवितो.

त्याला उत्तर द्यायचे तर आणखी एका तळ्यावर जायला हवे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी गोडच होते. १९२३ च्या कायदेमंडळातील ठरावानंतर महाडच्या नगरपालिकेने ते कागदावर सर्वांना खुले केले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी ते पाणी प्यायला गेले तेव्हा काय घडले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. सनातन्यांनी त्यांच्यावर हल्ला केला आणि मागाहून तळ्याची ‘शुद्धी’ केली. पुढे कज्जा चालला आणि १९३७ साली मुंबईच्या हायकोर्टात निकाल दलितांच्या बाजूने लागला.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या दिवसाचा अर्थ नीट पाहावा. बाबासाहेबांना गाव नावडते होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी ते लपविले नाही. खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर आहे, अशा आशयाचे ते बोलले, आणि घटनेच्या मसुद्याने खेड्याला सोडून व्यक्तीला एकक मानले याचा आपल्याला आनंद वाटतो, असेही त्यांनी सांगितले. पण म्हणून ते तळ्याला वाईट म्हणाले नाहीत. त्यांनी ओंजळ भरून पाणी घेतले. गावाची जोडणी नाकारली, गावातले पाणी नाकारले नाही. आणि जुन्या जोडणीच्या जागी काय येणार, तेही त्यांनी मोकळे सोडले नाही. एक माणूस, एक मत. नागरिक हा घटक आणि कायदा ही दोरी. त्यांनी नकार दिला, पण नकाराबरोबर पर्यायही हातात ठेवला.

या गोष्टीचा शेवटचा धागा पुन्हा आमच्याच मुलखात येतो. तिरोडा तेव्हा ज्या भंडारा जिल्ह्यात होते, त्या भंडाऱ्याच्या मतदारसंघातून १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब लोकसभेसाठी उभे राहिले. मतदारसंघ दोन जागांचा होता. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले, बाबासाहेब पडले. मालगुजारी जाऊन पुरती तीन-सव्वातीन वर्षे झाली होती. ज्याने व्यक्तीला एकक मानले तो माणूस या धानाच्या मुलखात एकेका व्यक्तीकडे मत मागत होता, आणि मतांची बेरीज त्याच्या विरुद्ध गेली. तरी ती बेरीज करण्याची रीत त्यांनी चुकीची ठरविली नाही. भागांवर विश्वास ठेवणाऱ्याची याहून कठीण परीक्षा कोणती?

गाठ कोण मारणार

तात्पर्य काढायचे तर ते दोन वाक्यांचे आहे. भाग आवडतात आणि सगळे नावडते, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. बहुतेक सुधारणांचा जन्म याच भावनेतून होतो. मात्र जो सगळे मोडायला निघतो त्याने त्या सगळ्यात वाईटाबरोबर कामाची गाठ कोणती होती ती शोधून काढावी, आणि ती पुन्हा कोण मारणार ते आधी ठरवावे.

ही गोष्ट अशक्य नाही. गोंदिया जिल्ह्यातच अर्जुनी मोरगावच्या बाजूला भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला हाताशी धरून काही तळी पुन्हा जागी केली आहेत. बेशरम उपटली, तळ्यात मूळच्या पाणवनस्पती लावल्या, देशी मासळीला घर दिले. आणि या कामात बायका पुढे आहेत. २०१७ पासून सरकारचीही ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना निघाली. तळ्याचा गाळ शेतात घालायचा, म्हणजे तळे खोल होते आणि शेत सुपीक होते. आजाही हेच करीत होता, पण वेठीने. नातवाने ते आपल्या ठरावाने आणि मजुरी घेऊन करायचे आहे. ढिवर, शेतकरी, कडेचा माणूस आणि ग्रामसभा यांनी एका सतरंजीवर बसून ठरवायचे आहे, की पोटरीच्या पंधरवड्यात पाणी किती सोडायचे आणि मासळीसाठी किती राखायचे. कमिटीत माणसे कशी वागतात, ते आपण वर पाहिलेच. तरी मालगुजाराच्या ओसरीपेक्षा भांडणारी सतरंजी पुष्कळ बरी. तेथे निदान सर्वांची बैठक सारखी असते.

दिवाळीच्या दिवसांत तिरोड्याकडे धान पिवळे होऊन कापणीला येते. पाऊस सरलेला असतो आणि पाळीच्या आत पाणी संथ उभे असते. त्या वेळी प्रत्येक तळे सुंदरच दिसते. त्याच्यावर प्रेम करायला त्या दिवसांत काही लागत नाही. तळ्याचा खरा सोयरा ओळखायचा असेल तर वैशाखात जावे. पाणी आटलेले असते, तळाला भेगा पडलेल्या असतात, आणि पाळीवर टोपलीभर माती टाकायला कोण आले आहे ते उन्हात लख्ख दिसते.